आकडा लिहिणारा हात

सुरुवातीला एका शब्दाची गंमत सांगतो. इंग्रजीतल्या ‘डेटा’साठी मराठीत ‘विदा’ असा प्रतिशब्द काढला आहे. आमच्या घरात लहानपणापासून मराठीबरोबर दखनी आणि उर्दू कानावर पडत आली. तिथे विदा म्हणजे निरोप. मुलगी सासरी निघाली की तिला विदा करतात. त्यामुळे ‘विदा विश्लेषण’ असं कुठे छापलेलं दिसलं, की माझ्यापुढे आधी पदराने डोळे पुसणाऱ्या बायका येतात आणि मागाहून संगणक येतो. म्हणून आजच्या बोलण्यात मी आपला आकडा, नोंद, वही असेच शब्द वापरणार आहे. फारच अडलं तर डेटा.

कवीने या विषयावर कशाला बोलावं, असं तुम्हाला वाटेल. मी बी.ए. झालो तो मराठी घेऊन. राहतो मीरा रोडला, नया नगरात. आणि पोटासाठी गेली पंचवीस वर्षं भाईंदर पूर्वेला स्टीलची भांडी बनवणाऱ्या एका कारखान्यात कारकुनी करतो. भाईंदर म्हटलं की जुन्या माणसांना मिठागरं आठवतात. माझ्यासारख्याचं भाईंदर म्हणजे औद्योगिक वसाहतींतले गाळे आणि त्यांतून दिवसभर येणारा पत्रा ठोकल्याचा आवाज. या आमच्या कारखान्यात दहा-बारा वर्षांपूर्वी ‘डेटा अ‍ॅनॅलिटिक्स’ आलं. ते कसं आलं, कसं फसलं आणि नंतर कसं थोडंफार जमलं, हे मी जवळून पाहिलं. कारण वही माझ्या हातात होती.

आधी हे प्रकरण काय आहे ते सांगतो. आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराला रमजानच्या आधी खजूर किती भरायचा, गणपतीच्या आठवड्यात गूळ-खोबरं किती लागेल, हे कुणी सांगावं लागत नाही. वीस वर्षांचा हिशेब त्याच्या डोक्यात असतो. झालेल्या गोष्टींच्या नोंदी पाहून पुढे काय करायचं ते ठरवणं, एवढाच या भारदस्त नावाचा अर्थ. मात्र दुकान एका डोक्यात मावतं; साठ माणसांचा कारखाना, मोठं रुग्णालय किंवा महानगरपालिका मावत नाही. तिथे एकाला माहीत असतं ते दुसऱ्याच्या गावीही नसतं. म्हणून ते लिहावं लागतं, एकत्र करावं लागतं, आणि मग एखाद्या प्रश्नाच्या अंगाने कापून पाहावं लागतं: वारानुसार, यंत्रानुसार, वेळेनुसार. कलिंगड बाहेरून कितीही वाजवा, आतला रंग कापल्यावरच दिसतो.

आता भांडं कसं बनतं ते थोडं सांगायला हवं. पत्र्यातून गोल चकत्या कापतात, त्यांना आम्ही सर्कल म्हणतो. सर्कल प्रेसच्या डायवर, म्हणजे साच्यावर ठेवायचं आणि पायाने पेडल दाबायचं. वरचा दट्ट्या खाली येतो आणि चकतीची वाटी होते. पुढे काठ कापणं, वळवणं, पॉलिश वगैरे. यात खऱ्या धोक्याची जागा म्हणजे डायवर सर्कल ठेवणारा हात. पेडल क्षणभर आधी दाबलं गेलं, तर दट्ट्याला स्टील आणि बोट यांतला फरक कळत नाही.

अपघातांची वही आमच्याकडे पहिल्यापासून होती. १९४८ च्या कारखाने कायद्यात अशी तरतूद होती, की अपघातामुळे कामगार ४८ तास किंवा अधिक काळ कामावर येऊ शकला नाही, तर त्याची खबर कारखाने निरीक्षकाला द्यायची. तरतूद चांगलीच होती. पण आमच्यासारख्या गाळ्यांतून तिचं काय व्हायचं? पट्टी बांधलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी येऊन गेटवर खुर्चीत बसायचा. हजेरी लागायची. ४८ तास भरायचे नाहीत. वहीतली प्रत्येक ओळ खरी, आणि वही मात्र खोटी.

२०१४ च्या सुमारास आमचे धाकटे शेठ मॅनेजमेंट शिकून कारखान्यात आले. माणूस मनाचा चांगला. त्यांनी संगणक आणला, वह्या बंद करून मला त्यावर बसवलं, आणि गेटच्या आत एक मोठा टीव्ही लावला. त्यावर रोज आकडे झळकायचे: किती नग निघाले, किती बाद झाले, भंगार किती किलो. सगळ्यात खाली हिरव्या अक्षरांत ओळ असायची, ‘अपघाताविना दिवस’. ते शंभर झाले, की प्रेस खात्यातल्या प्रत्येकाला हजार रुपये, असं त्यांनी जाहीर केलं.

आकडा वाढत गेला. तीस झाले, साठ झाले. बाहेरून पाहुणे आले की शेठ त्यांना टीव्हीपुढे उभं करायचे. एक्क्याण्णवाव्या दिवशी तीन नंबरच्या प्रेसवरच्या कारीगराच्या डाव्या हाताचं अनामिकेचं टोक चेंगरलं. उत्तर प्रदेशातला विशीतला मुलगा. त्याने फडकं बांधलं, वर हातमोजा चढवला आणि काम चालू ठेवलं. त्याला कुणी गप्प बसायला सांगितलं नव्हतं. पण त्याच्या एका बोटामुळे खात्यातल्या सगळ्यांचे हजार रुपये जाणार होते, आणि संध्याकाळी त्याच माणसांबरोबर त्याला एका खोलीत झोपायचं होतं.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे दोनशे रुपये उचल मागायला आला. डावा हात खिशात होता. काय झालं ते मला समजलं, आणि मला समजलं हे त्यालाही समजलं. मी उचल दिली आणि संगणकावर शून्य टाकलं. शंभराव्या दिवशी पेढे वाटले. त्याने उजव्या हाताने पेढा घेतला. पुढच्या आठवड्यात ताप भरला, मुकादमाने त्याला रुग्णालयात नेलं आणि बोटाची दोन पेरं काढावी लागली. वेळेवर आणलं असतं तर टोकावर भागलं असतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. त्या शंभर दिवसांतले शेवटचे नऊ दिवस माझ्या हाताने लिहिलेले होते.

इंग्लंडचे अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणासंबंधी एक निरीक्षण मांडलं होतं. त्याचा सोपा अर्थ असा, की जो आकडा पाहून आपण परिस्थिती ओळखतो, त्याच आकड्यावर दाब टाकायला लागलो, की तो परिस्थिती सांगेनासा होतो. हे मला फार उशिरा वाचायला मिळालं. त्या दिवसांत मला आठवत होती ती अब्बांची दोरी.

आमचं मूळ गाव सांगोला तालुक्यात. अब्बा गावचे कोतवाल होते. कोतवाल म्हणजे तलाठ्याच्या हाताखालचा माणूस: दवंडी द्यायची, निरोप पोहोचवायचे, साहेब आले की शेतं दाखवायची. पीक किती आलं हे ठरवायची जुनी रीत आणेवारीची. पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे, त्या मानाने यंदाचं किती आणे, हे अनुभवी माणसांनी बांधावर उभं राहून नजरेने सांगायचं. आणे गेले, पैसे आले, आणेवारीची पैसेवारी झाली. ती पन्नासच्या खाली आली की टंचाई. मग शेतसाऱ्यात सूट, मुलांची परीक्षा फी माफ. त्यामुळे ४९ आणि ५१ यांत दोन पैशांचं अंतर नसतं, सबंध गावाचं वर्ष असतं.

नजरेचा हा अंदाज पुरेसा नाही म्हणून पीक कापणी प्रयोग करतात. शेत कुठलं आणि शेतात जागा कुठली, हे कुणी आवडीने निवडायचं नाही. एका कोपऱ्यातून किती पावलं लांबीत आणि किती पावलं रुंदीत जायचं, हे कागदावर आधीच आलेल्या आकड्यांनी ठरतं. तिथे दोरी आणि खुंट्यांनी चौकोन आखायचा, आतलं पीक कापायचं, मळायचं, तोलायचं. १९८६ साली मी सोळा वर्षांचा होतो. ज्वारी करपून गेलेली. दोरीचं एक टोक अब्बांच्या हातात, दुसरं माझ्या. गावकरी हळूच म्हणायचे, ‘‘भाई, जरा डावीकडं घ्या की.’’ डावीकडे नुसती धसकटं होती. बरोबरचे साहेब उजवीकडच्या हिरव्या पट्ट्याकडे पाहायचे. अब्बा मात्र पावलं मोजत कागदाने सांगितलं तिथेच जाऊन खुंटी ठोकायचे, आणि त्या दिवशी दोन्ही बाजू त्यांच्यावर नाराज असायच्या.

ही कापणीची पद्धत देशात ज्यांनी रुजवली, त्यांत एक मराठी नाव फार मोठं आहे: डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये त्यांचा जन्म झाला. पुण्याला शिकून ते लंडनला गेले, तिथून संख्याशास्त्राची डॉक्टरेट घेऊन आले आणि १९४० पासून दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत त्यांनी संख्याशास्त्राचा विभाग उभा केला. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत ते संख्याशास्त्र विभागाचे संचालक झाले. पण मला सगळ्यात भावते ती त्यांची एक साधी वाटणारी तक्रार. कलकत्त्यात प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी लहान लहान तुकडे कापण्याचा पुरस्कार केला होता. खर्च कमी, तुकडे जास्त. हिशेबाने बरोबरच. सुखात्मे म्हणाले, लहान तुकडा उत्पन्न फुगवून दाखवतो. १९४६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांनी ते मांडलं.

का फुगवतो? दोन फूट त्रिज्येचं एक वर्तुळ घ्या. त्याचं क्षेत्रफळ सुमारे साडेबारा चौरस फूट आणि परीघही सुमारे साडेबारा फूटच भरतो. म्हणजे जितकं शेत, तितकी कड. आता ३३ फूट लांब आणि साडेसोळा फूट रुंद असा तुकडा घ्या. क्षेत्रफळ ५४४ चौरस फूट आणि कड फक्त ९९ फूट. ताटं कडेवरच उभी असतात तेव्हा प्रश्न पडतो, हे आत की बाहेर? कापणारा माणूस बेइमान नसतो. पण विळा हातात असला आणि भरलेलं कणीस समोर डोलत असलं, की हात त्याला आत घेतो. लहान तुकड्यात कड जास्त, म्हणून ही चूकही जास्त. दिल्लीच्या कार्यालयात बसून सुखात्म्यांनी उत्तरेकडच्या शेतातल्या एका मजुराच्या मनगटाचा कल ओळखला होता. गणित येणारे पुष्कळ असतात. आकडा जन्मतो त्या जागी कोण वाकलेलं आहे आणि त्याचा हात कुठे ओढला जातो, हे पाहणारे थोडे.

महाराष्ट्रात पैसेवारीवरून पुढेही भांडणं होत राहिली. केंद्राची दुष्काळ नियमावली २०१६ मध्ये आल्यावर पाऊस, जमिनीतली ओल, उपग्रहातून दिसणारी पिकांची हिरवाई असे निकष आले, आणि २०१८ च्या ऑक्टोबरअखेर राज्याने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला तो त्यांच्या आधारे. उपग्रहाला कुणी ‘भाई, डावीकडं घ्या’ म्हणू शकत नाही, हे खरं. पण शेवटी खात्री करायला माणूस शेतात जावाच लागतो.

सुखात्म्यांची चूक नकळत होणारी. माझं शून्य नकळत नव्हतं. तशा शून्यांची गोष्ट मला गडचिरोलीच्या कागदांत सापडली.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून परत आले आणि १९८६ मध्ये त्यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. त्यांनी कामाचा पाया मोजणीवर घातला. १९८८ मध्ये त्यांच्या कार्यक्षेत्रातल्या गावांत जन्मलेल्या दर हजार बाळांमागे १२१ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. कशाने, हे शोधल्यावर न्यूमोनिया हे मोठं कारण निघालं. न्यूमोनिया ओळखायचा तर बाळाचे मिनिटातले श्वास मोजावे लागतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६०, पुढे वर्षापर्यंत ५०, ही सीमा. पण गावातल्या सुईणींना लिहिणं-वाचणं येत नव्हतं आणि दहा-बाराच्या पुढे मोजणं अवघड जायचं. मग त्यांच्यासाठी एक साधन बनवलं: मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि ओळीने ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली, की न्यूमोनिया. औषध सुरू.

मला विचाराल तर महाराष्ट्रातलं डेटा अ‍ॅनॅलिटिक्सचं सर्वांत सुंदर यंत्र हेच. नोंद, हिशेब आणि निर्णय, तिन्ही एकाच बाईच्या हातात, बाळाच्या उशाशी, एका मिनिटात. गावातल्या कार्यकर्त्यांनी असे न्यूमोनिया ओळखून औषध दिल्याने बालमृत्यू घटले, हे १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलं. पुढे ३९ गावांत नवजात बाळांची घरोघरी काळजी घेण्याचा प्रयोग झाला, आणि तुलनेसाठी ४७ गावं धरली. औषधोपचार सुरू करण्याआधी १९९५-९६ मध्ये ७६३ बाळांना त्यांच्या घरी जाऊन नुसतं पाहिलं, लिहिलं. जन्म-मृत्यूची नोंद गावातला कार्यकर्ता ठेवायचा, आणि स्वतंत्र माणसं घरोघर फिरून ती ताडून बघायची, म्हणजे एखादं बाळ दोन्ही चाळण्यांतून निसटू नये. १९९९ मध्ये निष्कर्ष छापून आले: तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. तीच पद्धत आज देशभर आशा ताई वापरतात.

आता याच्या उलट बाजू. २००१ मध्ये महाराष्ट्रातल्या तेरा संस्थांनी मिळून ‘कोवळी पानगळ’ नावाचा अहवाल काढला. निवडलेल्या गावांतले आणि वस्त्यांतले बालमृत्यू मोजून त्यांनी अंदाज बांधला, की राज्यात वर्षाला सुमारे पावणेदोन लाख बालकं दगावत असावीत. सरकारी नोंदींत त्यांतला लहानसाच हिस्सा होता. पुढे शासनानेच डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली.

एवढी मुलं कागदावरून कुठे गेली? मी तो भाग वाचला तेव्हा मला उपकेंद्रातली नर्स दिसली. तिच्या हद्दीत मृत्यू नोंदला की वरून विचारणा होणार, बैठकीत उभं केलं जाणार. न नोंदला तर कुणी काही म्हणणार नाही. गडचिरोलीच्या सुईणीने आकडा मोजला की तिच्या हातात औषध येत होतं; या बाईने आकडा लिहिला की तिच्या हातात कारणे दाखवा नोटीस. दोघींच्या हातात कागद-पेन्सिल सारखीच द्या, संगणक सारखाच द्या, आकडे वेगळे निघणार. आमच्या टीव्हीवरच्या हिरव्या ओळीचं मला तेव्हा नीट कळलं.

कारखान्यात पुढे काय झालं ते सांगतो. धाकटे शेठ रुग्णालयात जाऊन आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः ती हिरवी ओळ काढून टाकली आणि मला विचारलं, ‘‘मास्तर, मग लिहायचं काय?’’ मला कारखान्यात सगळे मास्तर म्हणतात, मी कधी शिकवलं नाही तरी. नऊ दिवसांचं मी त्यांना तेव्हा सांगितलं. ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मुकादम आणि दोन जुने कारीगर यांना बसवून आम्ही ठरवलं, की इनाम नाही आणि चिठ्ठीवर नाव नाही. लागलं तर लिहायचंच, पण थोडक्यात हुकलं तरी लिहायचं. कारीगर त्याला ‘बचावलो’ म्हणत, म्हणून त्या चिठ्ठ्यांना तेच नाव पडलं. कुठलं यंत्र, कोणती वेळ, काय चाललं होतं, एवढं लिहून डब्यात टाकायचं. दर शनिवारी चहाच्या सुट्टीत मी त्या वाचून दाखवायचो आणि मागच्या चिठ्ठ्यांचं काय केलं तेही सांगायचो. पहिले दोन आठवडे डबा रिकामा. तिसऱ्या आठवड्यात एक चिठ्ठी निघाली, दोन नंबरच्या प्रेसवर अंधार पडतो म्हणून. सोमवारी तिथे ट्यूबलाइट लागली. मग चिठ्ठ्या यायला लागल्या.

आणि आकडा वाढला. पूर्वी महिन्याला शून्य असायचे, आता वीस-पंचवीस यायला लागले. थोरले शेठ घाबरले. हे काय चाललंय, म्हणाले, आधी बरं होतं. जिथे जिथे खरी नोंद सुरू होते तिथे पहिल्यांदा हेच होतं: झाकलेलं वर येतं आणि आलेख चढतो. अशा वेळी बहुतेक ठिकाणी वही बंद होते. धाकट्यांनी ती बंद होऊ दिली नाही, याचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे.

आता त्या चिठ्ठ्यांचा हिशेब. यात माझे किती महिने गेले ते विचारू नका. एकच यंत्र ‘तीन नंबर’, ‘खिडकीजवळचा’ आणि ‘नवा प्रेस’ अशा तीन नावांनी यायचं. नवा म्हणजे २००६ चा. वेळ तर कुणी घड्याळाने लिहीतच नव्हतं. ‘चहानंतर’. ‘लाइट गेली तेव्हा’. ‘मगरिबच्या अजानच्या जरा आधी’. आता मगरिब म्हणजे सूर्यास्त. मुंबईकडे डिसेंबरच्या सुरुवातीला तो सहाच्या सुमारास होतो आणि जुलैच्या सुरुवातीला सव्वासातच्या पुढे. मी मशिदीतलं नमाजच्या वेळांचं कॅलेंडर घेऊन बसायचो आणि प्रत्येक तारखेला अजान किती वाजता होती ते पाहून तास लिहायचो. हे बंगळुरूच्या सॉफ्टवेअर कंपनीला जमलं नसतं. डेटा साफ करणं म्हणतात ते हेच, आणि निम्म्याहून अधिक काम तेच असतं. आम्ही कवी आकड्यांना भितो असं उगाच सांगतो. वृत्तात लिहिणारा प्रत्येक जण लघूची एक, गुरूची दोन अशा मात्रा बोटांवर मोजतच असतो.

पुढचं माझ्या मुलीने शिकवलं. संगणकावर पिव्होट टेबल नावाची सोय असते. शेकडो ओळी हव्या त्या अंगाने क्षणात मांडून देते. पहिल्यांदा मांडलं तर निघालं, शनिवार सर्वांत घातक. आम्ही कारणंही शोधली: आठवड्याचा थकवा, पगाराची घाई. मुकादम ऐकत होता. म्हणाला, ‘‘मास्तर, तुम्ही शनिवारी वाचता ना, म्हणून लोक आठवडाभराच्या चिठ्ठ्या शनिवारीच टाकतात.’’ मी चिठ्ठी टाकल्याची तारीख धरली होती, घटनेची नव्हे. यंत्राने मला एक सुबक, रंगीत आणि पूर्ण चुकीचा आलेख काढून दिला होता.

तारखा दुरुस्त केल्यावर वेगळंच दिसलं. शेठना वाटायचं रात्रपाळी धोक्याची. तसं नव्हतं. प्रेसवरच्या चिठ्ठ्यांचा मोठा गठ्ठा डाय बदलल्यानंतरच्या तासाभरात पडत होता. दिवस असो वा रात्र. कारण कारीगरांना ठाऊकच होतं, कुणी विचारलं नव्हतं एवढंच. डाय बदलताना पुढची जाळी काढतात. पहिले पाच-दहा नग बरोबर निघेपर्यंत ती परत लावत नाहीत, कारण डाय सारखी हलवावी लागते. तेवढ्या वेळात दोघांचे हात आत असतात आणि पेडल मात्र चालू असतं.

मग मोठ्या प्रेसना दोन बटणं बसवली; दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय दट्ट्या खाली येत नाही. लहान प्रेसना जाळी लावल्याखेरीज पेडल चालू होऊ नये अशी कळ केली. कारीगर आधी कुरकुरले, नग कमी निघतात म्हणून; ठोक्यावर पैसे मिळणाऱ्याची कुरकुर खोटी नसते. दर वाढवून द्यावा लागला. त्यानंतर त्या प्रेसवर बोट गेलेलं नाही. पॉलिश खात्यात मात्र हात कापणं आणि डोळ्यांत कण जाणं अजून चालूच आहे. तिथे आमचा हिशेब काही उपयोगी पडलेला नाही.

कारखान्याबाहेर आमच्या शहराकडे पाहतो तेव्हा हाच प्रश्न मोठा होऊन समोर येतो. १९८५ मध्ये इथे नगरपालिका झाली, २००२ मध्ये महानगरपालिका. १९९१ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या १,७५,६०५ होती, २००१ मध्ये ५,२०,३८८, आणि २०११ मध्ये ८,०९,३७८. पुढची २०२१ ची जनगणना झालीच नाही. माणशी पाणी किती, हजारी डॉक्टर किती, हे सगळे भागाकार करताना वरचा आकडा ताजा आणि खालचा शिळा. २०२७ ची जनगणना मोबाइल अ‍ॅपवर होणार असं जाहीर झालं आहे. अ‍ॅप उत्तम असेल. पण दारात उभ्या राहिलेल्या शिक्षिकेला आमच्या इमारतीतला घरमालक आतल्या खोलीतल्या चार भाडेकरूंबद्दल सांगेल का, हे तिला पाहून त्याला काय वाटतं यावर ठरेल.

पुन्हा आमच्या गाळ्याकडे येतो. तो मुलगा, आता मुलगा राहिला नाही, पॅकिंग खात्यात आहे. शनिवारी चिठ्ठ्यांचा डबा तोच उघडून माझ्या टेबलावर ओततो. गेल्या शनिवारी एक चिठ्ठी पॉलिशवरच्या नव्या पोराची निघाली. बफ नंबर दोन, चहानंतर, बचावलो. आणि खाली, नको म्हणून सांगितलेलं असूनही, त्याने स्वतःचं नाव लिहिलं होतं, मोठ्या अक्षरांत. मी ते शाईने नीट खोडलं आणि मग नोंद केली.